खालच्या दरवाज्याची सरदारीण

“खोटं वाटलं तं उठून जा, बाप्पा. म्या कोनाले दोरीनं बांधून नाई ठेवलं.”

हे वाक्य म्हटल्याशिवाय तिने कधी वंशावळ सांगायला सुरुवात केली नाही. आधी गडव्यातलं पाणी, ओठ न लावता, वरून. मग पदराने हनुवटी पुसायची, उजवा गुडघा उभा करून बसायचं, गुडघ्यावर तळहात आपटायचा आणि हे वाक्य. कुणी उठत नसे. एकदा एक म्हातारा खरोखरीच लघवीला उठला, तर ती त्याच्या पाठीमागून म्हणाली, “तुमाले खोटं वाटलं होय, मामाजी?” तो बिचारा तसाच परत बसला आणि शेवटपर्यंत चुळबुळत राहिला.

तुमच्यापैकी काहींनी अशी माणसं पाहिली असतील. वर्ध्याच्या आसपासच्या शेतकरी घरांत तेव्हा वर्षातून एकदा भाट यायचा आणि घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आमच्या कुळाचा भाट हिचा नवरा. तो वारल्यावर त्याच्या जागी ही आली. बाईमाणूस कसं सांगेल म्हणून आमच्यात थोडी कुरकुर झाली. पण नवरा सांगायचा तेव्हा लोक जांभया देत. हिच्या वेळी आचारी चुलीवरून उठून यायचे आणि भात लागायचा. कुरकुर आपोआप थांबली.

तिच्याविषयी आमच्या नात्यात आजही एक गोष्ट सांगतात. लुगडं हलकं दिलं म्हणून रुसून गेली, भारी हावरी होती. मागे एका लग्नात पुतण्याच्या मुलाने ती गोष्ट मलाच हसत हसत ऐकवली. गोष्ट खोटी आहे. ती मी पसरवली. माझं आता वय झालं, तिला पाहिलेली माणसं एकेक करून गेली, आणि मी गेलो की ती हावरीच राहील. म्हणून हे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकातली ही वर्षं. मी वर्ध्याला शाळेत शिकवत होतो, घर सिंदी मेघेला होतं. चैत्रात, गहू-चणा घरात आला आणि कापूस बाजारात गेला की आमचं सगळं कुळ बोरगावच्या पुढे, आमच्या मूळ शेतातल्या देवाजवळ जमायचं. भंडारा व्हायचा. पंगतीच्या आधी वंशावळ. या सगळ्याचे कर्तेधर्ते मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. माझे वडील लवकर गेले. मला मोठ्या बाबांनी वाढवलं. त्यांच्यासमोर मी नोकरी लागल्यावरही कधी खाटेवर बसलो नाही.

आता आमची वंशावळ काय होती तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तिच्या सांगण्याप्रमाणे आम्ही काचगडाचे. हा गड कोणत्या दिशेला हे तिने कधी सांगितलं नाही. विचारलं तर हात हलवून म्हणायची, “पैदल जाल तं पोचान नाई.” गड सबंध काचेचा. आतली माणसं बाहेरून दिसत आणि बाहेरची आतून. आमच्या मूळ राजाचा घोडा फक्त चांदणं खायचा, त्यामुळे अवसेच्या सुमारास त्याच्या बरगड्या दिसायच्या. आणि दरबारात एक तलवार टांगलेली असे, ती बोलायची. लढाई कधी करायची, दरवाजा कधी उघडायचा, सगळं तलवार सांगायची.

यावर आमच्या कुळात कुणाचा आक्षेप नव्हता. माझा एक चुलतभाऊ जिनिंगमध्ये फिटर होता. सायकलची घंटी वाजली नाही तरी तो ती खोलून पाहायचा. त्याने एकदा विचारलं होतं, “काचीचा गड, मंग उन्हाळ्यात आतमंदी भट्टी होत असन?” ती म्हणाली, “म्हनूनच तुमचं डोकं गरम राह्यते, भाऊ.” तो खूश झाला. घोड्याबद्दल त्याने काही विचारलं नाही.

पाचव्या पिढीत ती बाई यायची.

राजाच्या धाकट्या भावाची दुसरी बायको. तिला नावसुद्धा नव्हतं. गडाच्या खालच्या दरवाज्याजवळ तिची खोली होती, म्हणून खालच्या दरवाज्याची सरदारीण. मोठ्या राण्यांच्या पंगतीत तिचं पान शेवटचं. तिच्या काळात धूळराजाच्या फौजेने गडाला वेढा घातला. वर्षांमागून वर्षं गेली. आतल्या विहिरी आटल्या. काचेतून बाहेरचा पखालवाला दिसायचा, कातडी पखालीतून शत्रूच्या घोड्यांना पाणी पाजताना. गडातली लेकरं काचेला जीभ लावून उभी राहायची. तलवार म्हणायची, दरवाजा उघडू नका.

इथे तिचा आवाज खाली यायचा. मग सरदारीण भर दरबारात म्हणायची, “तलवार बोलते, खरं हाये. पन तिले तहान नाई लागत.”

आणि भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ती खालच्या दरवाज्याचा अडसर काढून घागर घेऊन बाहेर पडायची. काचेतून सगळा गड पाहतोय. पखालवाला तिची घागर भरतो. ती आत येते, रिकामी करते, पुन्हा जाते. शत्रूचा एकही बाण सुटत नाही. संध्याकाळी राजा म्हणतो, तू शत्रूचं पाणी आणलंस, तुला आता गड नाही. ती म्हणते, मग जो जो ते पाणी प्याला, त्यानं माझ्यामागं यावं. राजा आणि तलवार सोडून सगळा गड तिच्यामागे चालू लागतो. चालत चालत काळ्या मातीला लागतात आणि तिथे राहतात. ते आपण.

सरदारीण मात्र पखालवाल्याच्या घरी राहिली. तिला मुलगा झाला. तो आमचा मूळ पुरुष.

“त्याचा बाप कोन?” हे दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

“ते मले माझ्या सासऱ्यानं नाई सांगतलं,” ती म्हणायची, “आन म्या नाई इचारलं.”

बायका पदराआड हसत. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना खास या पिढीसाठी पुढे सरकून बसत. माझी बायको स्वयंपाकघरात एखाद्या गोष्टीवर अडून बसली की तिची जाऊ म्हणायची, “आली आपली सरदारीन.” पुरुषमंडळी यावेळी सुपारी कातरत. ऐकत सगळे.

ज्या वर्षाविषयी लिहितो आहे, त्या वर्षी मोठ्या बाबांच्या धाकट्या मुलीचं हिंगणघाटला जमत आलं होतं. मुलाचे वडील कापसाचे व्यापारी. सुपारी फुटायची बाकी होती. त्यांना भंडाऱ्याला बोलावलं होतं, घराणं पाहायला.

आदल्या दिवशी मोठ्या बाबांनी मला बोलावलं. “बापू, त्या भाटीनीले सांग. पाचवी पिढी सोडून दे म्हना.”

“सोडून कशी देईल?”

“हिंगनघाटवाले समोर बसून राहतीन. त्याइले काय सांगाचं? आमी पखालवाल्याचे हाओत म्हनून?”

“गोष्ट आहे ती, मोठे बाबा. घोडा तरी कुठं चांदणं खातो?”

“घोड्यानं काई बी खाल्लं तं पोरीचं लग्न नाई मोडत,” मोठे बाबा म्हणाले.

मी हो म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटायला लागली होती. शाळेतले एकदोघे भंडाऱ्याला यायचे होते.

सकाळी ती देवळाच्या ओट्यावर बशीतून चहा पीत होती. चहाची भारी शौकीन. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, “आज जरा आटोपतं घ्या. ऊन फार आहे. एखादी पिढी राहिली तरी चालेल.”

“कोनती?”

“पाचवी.”

तिने बशी खाली ठेवली. “मालकानं सांगतलं?”

मी कपात उरलेला चहा तिच्या बशीत ओतला.

“मास्तर, तुमी शाळेत हजेरी घेता नं?”

“घेतो.”

“एखांदं पोट्टं समोर उभं राह्यलं, आन तुमी त्याचं नाव न घेता पुढं गेले, तं त्यानं काय समजाचं? मी आलो का नाई आलो?”

“अहो, ती गोष्टीतली बाई आहे.”

“आन तलवार तं तुमच्या घरी खुटीले टांगली हाये.”

मी हसलो. ती हसली नाही. तिच्या सासऱ्याने ही विद्या तिच्या नवऱ्याला शिकवली होती आणि भिंतीपलीकडे दळताना हिने ती उचलली, हे मला ठाऊक होतं. सासऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने तिच्याकडून एकच शब्द घेतला होता, घराण्यातला कुणी गाळायचा नाही. चोर असो, पळपुटा असो. ती हे सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

बशी पुन्हा उचलत ती म्हणाली, “असं करा. मालकाले सांगा, पोराची गोष्ट नाई सांगत. पखालवाल्याच्या घरी राह्यली, ते बी नाई सांगत. पन तिले दरवाज्यातून भाईर तं पडू द्या.”

एवढंच मागत होती ती. मी ते मोठ्या बाबांना जाऊन सांगितलं. ते पागोटं बांधत होते. म्हणाले, “बाई एकदा सुरू झाली का थांबते काय? तू माइकाच्या मशीनजवळ बस. पाचवी आली का बंद करून टाक. लाइट गेली म्हना.”

त्या काळी लाइट केव्हाही जायची. कुणी शंका घेतली नसती.

तिला मी जाऊन सांगितलं, “मोठे बाबा हो म्हणाले.”

हे वाक्य मी बोललो. ते कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

मांडवात पुढे बायका, मागे पुरुष, एका कडेला खुर्च्यांवर हिंगणघाटचे पाहुणे. त्यांच्यासाठी मी घरून टेबलपंखा नेऊन स्टुलावर ठेवला होता. कडुनिंबावर कर्णा बांधला होता आणि त्याचं मशीन कनातीच्या आडोशाला. मी तिथे बसलो. माइकची वायर मशीनला जिथे जोडली होती तिथे माझी बोटं होती.

ती त्या दिवशी असं सांगत होती की काय लिहू. माइकमुळे तिला ओरडावं लागत नव्हतं. घोडा आला, अवस आली. हिंगणघाटचे व्यापारी मांडीवर थाप मारून ‘वा’ म्हणाले. तिसरी पिढी झाली. चौथी झाली. मोठे बाबा मान वळवून माझ्याकडे पाहू लागले.

पाचवी सुरू झाली. विहिरी आटल्या. मोठ्या बाबांनी डोळ्यांनी खूण केली. मी वायर धरून बसलो. लेकरांनी काचेला जीभ लावली. मोठे बाबा खाकरले. सरदारीण तलवारीला बोलली आणि मांडवात कुणाच्या बांगडीचासुद्धा आवाज नव्हता. मोठे बाबा अर्धे उठले.

“...आन तिनं अडसराले हात घातला, दोन्ही हातानं उचलला, आन—”

मी वायर ओढली. कर्णा खरखरला आणि मेला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “लाइट गेली.”

“गेली का बाप्पा,” मागून कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी बिजलीवाल्यांचा उद्धार केला. ती थांबली होती. ती माझ्याकडे पाहत होती, मग तिची नजर खुर्च्यांकडे गेली. मी गडवा घेऊन तिच्याजवळ गेलो, पाणी द्यायला, म्हणजे काहीतरी करायला. तिने गडवा घेतला नाही. अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाली,

“मास्तर, लाइट गेली, तं पावन्याइचा पंखा काऊन फिरून राह्यला?”

पंखा फिरत होता. पाहुण्यांच्या उपरण्याचं टोक हलत होतं. इतक्या माणसांत ते फक्त तिला दिसलं.

मी काय केलं असेल? मी जाऊन पंखा बंद केला.

पुढच्या रांगेतली एक नवी सून म्हणाली, “सांगा नं पुढं. माइकाबिगर आयकू येते आमाले.” आणखी एकदोघी हो म्हणाल्या. तेवढ्यात मोठे बाबा टाळ्या वाजवत उभे राहिले. “चला, लाइटीचा काई भरवसा नाई. पंगत बसवा. बायाहो, वाढाले लागा.” पुरुष उठले, ताशा वाजायला लागला. बायका जरा वेळ तशाच बसून राहिल्या, मग त्याही उठल्या. ती एकटी राहिली, एक गुडघा उभा करून, मांडवाच्या मध्ये.

मी वाढण्याच्या गडबडीत शिरलो. परत आलो तर ती नव्हती. बिदागीचं लुगडं ओट्यावर घडी करून ठेवलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. ती जेवली नव्हती.

भाट दारातून उपाशी जाणं हे आमच्याकडे फार वाईट मानतात. बायकांनी एकच गलका केला, काऊन गेली, कोन काय बोललं. मोठी आई रडायला लागली, पोरीचं जमत असताना हे काय होऊन बसलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण शेवटचा तिच्याशी मी बोललो होतो. माझी नजर लुगड्यावर गेली.

“लुगडं हलकं वाटलं तिला,” मी म्हणालो.

सगळ्यांना हायसं वाटलं. “हावरी हो,” कुणी म्हणालं. “मले वाटलंच,” दुसरी म्हणाली. संध्याकाळपर्यंत हलक्या लुगड्याची गोष्ट पूर्ण झाली होती. तिने ते फेकलं, तिने शिव्या दिल्या, हे लोकांनी आपापलं घातलं. माझी बायको तेवढी बोलली नाही. लुगडं तिने निवडलं होतं.

आमच्या नात्यातल्या इतर गावांतही तीच वंशावळ सांगायची. पुढच्या वर्षापासून तिला तिथूनही बोलावणं गेलं नाही. आम्ही तर बोलावलंच नाही. भंडाऱ्याला कर्ण्यावर भजनांच्या तबकड्या लागायला लागल्या.

लग्न झालं, थाटात झालं. मांडवात हिंगणघाटच्या व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. “मास्टरजी, वो गढवाली बाई का क्या हुआ? तिनं दरवाजा उघडला, फिर? घरी जाऊन बायकांना सांगितलं, तं त्या रोज इचारून राह्यल्या. हमको तो मालूम नहीं.”

“गोष्ट तेवढीच आहे,” मी म्हणालो.

“बस? इतनी ही?” ते खरंच हिरमुसले.

मी त्यांना तेव्हाही पुढचं सांगितलं नाही. मोठे बाबा चार पावलांवर उभे होते.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मोठे बाबा गेले. ऐंशीच्या दशकात एकदा परीक्षेच्या कामासाठी मला आर्वीच्या बाजूला पाठवलं. तिचं गाव तिथून जवळ होतं. काम संपल्यावर मी एसटीत बसलो. तिला काय सांगायचं ते वाटेत मनात जुळवलं होतं.

ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वाळली होती, पण नजर तीच. “मास्तर नं?” म्हणाली, “बसा.” तिचा मुलगा कामावरून आला होता, पाय धूत होता. त्याने मी कोण ते ऐकलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आता कोनी बलावत नाई मायले. म्हने लुगड्यासाठी भांडते.”

“तू पाय धू,” ती त्याला म्हणाली.

मनात जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं. मी भलतंच बोललो. म्हणालो, “एकदा वंशावळ ऐकवा. फार वर्षं झाली.”

तिने नाही म्हटलं नाही. शेंगा सोलत सोलतच सांगायला लागली. गड, घोडा, अवस. आवाज बसला होता. पहिली पिढी, दुसरी. चौथी. मी पुढे सरकून बसलो. पाचव्या पिढीत राजा आला, त्याचा धाकटा भाऊ आला, वेढा पडला, विहिरी आटल्या.

“आन मंग लोकं गडातून निंगाले, आन काळ्या मातीत आले,” ती म्हणाली.

मी तिला अडवलं. ती सहाव्या पिढीत गेली होती.

“निघाले कसे? दरवाजा कुणी उघडला?”

“उघडाच व्हता.”

“आणि सरदारीण?”

“कोन सरदारीन?”

“खालच्या दरवाज्याची.”

तिने एक शेंग बोटांनी उकलली, दाणे सुपात पडले. माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “तुमच्या घरान्यात अशी कोनी बाई नव्हती, मास्तर.”

ती विसरली होती की मला ऐकवत होती, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सातवी, आठवी करत तिने माझ्या आजोबांपर्यंत आणून सोडलं, मोठ्या बाबांचं नाव घेतलं, माझ्या वडिलांचं, माझं. एकही चुकलं नाही. सुनेने चहा आणला. मी तो प्यायलो. मोठे मालक कशाने गेले ते तिने विचारलं, मी सांगितलं. वायर मी ओढली होती हे तिला माहीतच होतं. तरी ते मी माझ्या तोंडाने सांगायला हवं होतं. एसटीची वेळ झाली म्हणून मी उठलो.

अंगणात उतरलो तेव्हा ती मागून म्हणाली, “मास्तर.”

मी वळलो. मुलगा आत गेला होता. ती सूप पाखडत होती.

“त्या सालचं लुगडं चांगलं व्हतं. हिरवं. तुमच्या बाईनं घेतलं व्हतं नं? सांगजा तिले.”

मी मान हलवली. घरी आल्यावर बायकोला ते सांगितलं नाही, कारण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी तिकडून आलेल्या एकाने भाटीण गेल्याचं सांगितलं. बायकोही आता नाही.

लुगडं हिरवं होतं, बारीक सुताचं, लाल काठाचं. दुकानदाराने पुढे केलेली सगळी बाजूला सारून बायकोने ते मागून घेतलं होतं. चांगलं होतं.